सकाळच्या शिंका आणि दिवाणावरची गादी

पत्र: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आम्ही भांडुपला तळमजल्यावर वन रूम किचनमध्ये राहतो. गेली दोन वर्षं तो सकाळी उठला की सलग दहा-पंधरा शिंका येतात, नाक गळतं नाहीतर चोंदतं, डोळे चोळून लाल होतात. शाळेत गेला की दुपारपर्यंत बरा. पावसाळ्यात त्रास वाढतो आणि दिवाळीपर्यंत पुरतो. डॉक्टरांनी हातावर टोचून तपासणी केली, त्यात डस्ट माइटची ॲलर्जी निघाली. रात्रीची एक गोळी आणि नाकात मारायचा फवारा दिला. फवारा स्टिरॉइडचा आहे हे कळल्यावर मी तो चार दिवसांत बंद केला. मुलगा आजीजवळ दिवाणावर झोपतो. गादी कापसाची, अंगावर आजीनेच शिवलेली गोधडी. मी दिवसातून दोनदा केर काढते, अंथरूण रोज झटकते, तरी फरक नाही. मिस्टर हप्त्यावर एअर प्युरिफायर घ्यायचा म्हणतायत. मध्यंतरी एक व्हॅक्यूमवाला घरी येऊन गेला. त्याने गादीतून काळ्या कापडावर पांढरी भुकटी काढून दाखवली, तेव्हापासून सासूबाईंना त्या गादीवर झोप लागत नाही. नक्की काय घ्यावं आणि काय करावं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर:

ताई, प्युरिफायरचा हप्ता आधी थांबवा, व्हॅक्यूमचाही. पहिले पैसे उशीच्या आणि गादीच्या खोळीवर जाऊ द्या, आणि केरसुणीवर चाललेले तुमचे कष्ट अंथरुणाकडे वळवा. का, ते बघा.

डस्ट माइट हे आठ पायांचे, कोळ्याच्या जातकुळीतले जीव. लांबी जेमतेम 0.2 ते 0.3 मिलिमीटर. ते चावत नाहीत, रक्तही पीत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतात, आणि पाणी न पिता हवेतला दमटपणा अंगात शोषून घेतात. गादीत दोन्ही गोष्टी फुकट मिळतात: रात्रभर झडणारी कातडी आणि रात्रभर मुरणारा घाम. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. या कणांचा आकार साधारण 20 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेत तरंगत राहायला ते जड. कुशीवर वळलं, उशी थोपटली की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत परत खाली बसतात. मुलाचं नाक त्या उशीवर आठ-नऊ तास टेकलेलं असतं. सकाळी शिंका आणि शाळेत आराम, हे गणित तिथेच सुटतं. प्युरिफायर हवेत असलेलंच ओढतो, गादीत बसलेल्याला तो काहीही करू शकत नाही. बाहेर बांधकाम चालू असेल, रस्त्याचा धूर घरात येत असेल तर त्याचा उपयोग वेगळा. तुमच्या आजच्या प्रश्नाचं उत्तर तो नाही.

काळ्या कापडावरच्या भुकटीने घाबरू नका. कोणत्याही वापरलेल्या गादीतून ती निघते: कातडीचे कण, कापसाचा चुरा, टाल्कम पावडर. त्यात माइटचा मळ, म्हणजे विष्ठा, असतोच, पण ‘हे बघा किडे’ म्हणून जे दाखवतात ते किडे नसतात. जिवंत माइट धाग्यांना घट्ट धरून बसतात, वरून फिरवलेल्या नळीने ते निघत नाहीत. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्यांची झोप परत येईल.

आता मुंबईचा मुद्दा. परदेशी सल्ल्यात पहिली ओळ असते: खिडक्या उघडा, घर हवेशीर ठेवा. थंड देशात बाहेरची हवा कोरडी असते, तिथे ते चालतं. भांडुपला जुलैत खिडकी उघडली तर 80-90 टक्के आर्द्रतेची हवा घरात येते. माइट खूश असतात 70-80 टक्क्यांना. आर्द्रता सलग काही दिवस 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर ते वाळून मरतात, पण दिवसातले दोन-तीन तास जरी दमट मिळाले तरी तग धरतात. म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर घर कोरडं करून माइट संपवणं बहुतेक घरांत जमणार नाही, आणि तो नाद धरूही नये. पावसाळ्यात त्यांची संख्या वाढते आणि साठलेला मळ पुढेही तसाच राहतो, म्हणून त्रास दिवाळीपर्यंत पुरतो. आपण करायचं ते एवढंच: त्यांच्या आणि मुलाच्या नाकाच्या मध्ये कापडाची भिंत घालायची, आणि भिंतीच्या अलीकडचं सगळं दर आठवड्याला गरम पाण्यातून काढायचं.

भिंत म्हणजे चेनवाली, सहाही बाजूंनी बंद होणारी खोळ. दुकानात ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ मागितलंत तर चार कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेलं, फक्त वरून बसणारं कापड देतील. ते नको, खालून आणि बाजूंनी सगळं उघडंच राहतं. ‘वॉटरप्रूफ’ एवढं लिहिलेलं असणंही पुरेसं नाही. वेष्टनावर कापडाच्या छिद्राचा आकार 10 मायक्रॉनपेक्षा कमी असल्याचं लिहिलेलं बघा. साधं प्लास्टिक किंवा रेक्झिन स्वस्त पडतं, पण मे महिन्यात मूल घामाने भिजतं आणि दुसऱ्या रात्री खोळ कोपऱ्यात जाते. वर सुती किंवा होजिअरीचं कापड आणि आतून पातळ पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर, अशी घ्या. घट्ट विणीची, थर नसलेली मिळाली तर अधिक चांगली, हवा खेळते. मापात लोक हमखास चुकतात ते जाडीला. कापसाची गादी मध्ये बसलेली आणि कडेला फुगलेली असते, तेव्हा कडेची जाडी मोजा. चेनीच्या टोकाला जिथे दोन बोटांएवढी फट राहते तिथे रुंद कापडी चिकटपट्टी लावा.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी मुलाची नवी उशी आणि तिची खोळ, मग आजींची उशी, मग गादी. मुलगा आजीजवळ झोपतो, तेव्हा फक्त त्याच्या अर्ध्या भागाचा बंदोबस्त करून चालणार नाही. ‘सिंथेटिक उशी घेतली, आता काळजी नाही’ हा समज सोडा. तिच्यातही माइट होतात, खोळ तिलाही लागते.

खोळ चढवण्याआधी गादी कोरडी हवी, हे विसरू नका. दमट कापूस बंद केला तर आत बुरशी धरते आणि नवा त्रास सुरू होतो. कडक उन्हाचा दिवस बघून सोसायटीकडून गच्चीची किल्ली मागा, गादी दोन्ही बाजूंनी तीन-चार तास तापू द्या. उन्हाने बरेचसे माइट मरतात, मळ मात्र तसाच उरतो. काठीने बडवायची असेल तर गच्चीवरच, मोठ्या माणसाने, नाकाला रुमाल बांधून. मूल आसपास नको. गादी दहा वर्षांहून जुनी असेल तर पिंजून घेण्यात अर्थ नाही, पिंजल्याने कापूस मोकळा होतो, मळ जात नाही. नवीनच घ्या आणि पहिल्या दिवशीच खोळीत घाला. फोम, कॉयर, कापूस, यापैकी सगळ्यांतच माइट होतात.

नुसत्या खोळीवर भिस्त ठेवू नका. मोठ्या माणसांच्या दम्यावर आणि लहान-मोठ्यांच्या ॲलर्जीच्या सर्दीवर फक्त खोळी वापरून पाहिलेले दोन अभ्यास 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले होते, त्यांत म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. मुलांच्या दम्याच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे, आणि धुणं, ओल, औषध हे सगळं एकत्र केलं तर फरक पडायची शक्यता वाढते.

धुण्याकडे येऊ. अभ्रे, चादर, पांघरूण दर आठवड्याला, पाणी 55-60 अंशांचं. मशीन फ्रंट लोड असेल तर ‘कॉटन 60’ हा पर्याय लावा, अर्ध्या तासाचं क्विक वॉश नको. मशीन गच्च भरू नका. टॉप लोड असेल तर बहुतेकांत पाणी तापतच नाही, तेव्हा बादलीचा मार्ग. 20 लिटरच्या मजबूत बादलीत आधी चार लिटर नळाचं पाणी घ्या, मग त्यात आठ लिटर उकळतं ओता. मिश्रण 70 अंशांच्या वर जातं. अभ्रे आणि चादर लाकडी दांड्याने दाबून बुडवा, झाकण ठेवा, वीस मिनिटं राहू द्या, नंतर नेहमीप्रमाणे मशीनला लावा. हे मुलगा शाळेत असताना करा, उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका ॲलर्जीपेक्षा मोठा आहे. साठवणीचा गीझर सगळ्यात वर लावून बादली भरली तरी 55 च्या आसपास मिळू शकतं. तीन लिटरच्या छोट्या गीझरकडून ती अपेक्षा नको. रक्ताचे, घामाचे डाग आधी थंड पाण्यात काढा, गरम पाण्यात ते पक्के बसतात. रंग सोडणारी सोलापुरी चादर पहिल्या एक-दोन वेळा वेगळी भिजवा.

एखाद्या आठवड्यात गरम पाणी जमलं नाही तर थंड पाण्यात, साबणाने धुवा. माइट फारसे मरणार नाहीत पण मळ बराच निघून जातो, आणि शिंका आणणारा मळच असतो. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत ही खरी अडचण. अर्धवट ओल्या चादरी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्या. कडक इस्त्रीची धग माइटना पुरून उरते, चादरही कोरडी परत येते.

गोधडी हा नाजूक विषय आहे, म्हणून थोडं थांबून. सात-आठ थरांची गोधडी दर आठवड्याला धुणं कोणालाच शक्य नाही आणि ती वाळतही नाही. पण ‘काढून टाका’ असं सासूबाईंना सांगायची गरज नाही. मेमध्ये एकदा गरम पाण्यातून काढा, दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला की बाहेर काढा, तीही सुती चादरीच्या खोळीत घालून, म्हणजे आठवड्याला खोळ धुतली की झालं. मुंबईत उरलेले दहा महिने दोन पातळ सुती चादरी पुरतात, आणि पंख्याखाली तेवढंच लागतं. आजींनाच त्या खोळीला बंद शिवायला सांगितलं तर गोधडीवरून घरात वाद होणार नाही.

दिवाणाच्या पोटात काय आहे? जुनी पांघरुणं, गेल्या वर्षीची दप्तरं, लग्नातल्या साड्या, बांधलेली वर्तमानपत्रं, असं बहुधा असतं. कपडे आणि पांघरुणं बंद पिशव्यांत भरा, कागद घराबाहेर काढा.

अंथरूण रोज झटकता म्हणता, ती सवय मात्र आजपासून सोडा. चादर झटकली की रात्रभराचा मळ थेट मुलाच्या तोंडावर. चारही कोपरे आत घेत चादर गोळा करा आणि धुवायला टाका. उठल्या उठल्या गादीची घडीही घालू नका, घामाची ओल आत कोंडते. तासभर पंखा लावून उघडी पडू द्या, मग आवरा.

दोनदा केर काढण्याऐवजी एकदा ओल्या फडक्याने पुसा. कोरडी केरसुणी मोठा कचरा गोळा करते आणि बारीक धूळ वर उडवते. आधी कपाटाचं डोकं, टीव्हीमागची जागा, खिडकीचे गज, मग लादी, असं वरून खाली या. पंख्याच्या पात्यावर जुना ओला अभ्रा चढवून तो ओढून काढला की धूळ अभ्र्याच्या आत येते, गादीवर सांडत नाही. हे सगळं मुलगा शाळेत गेल्यावर. तो घरी यायच्या आत निदान अर्धा तास जाऊ द्या. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सफाईत जळमटं काढताना त्याला मामाकडे धाडा. ‘त्यालाही कामाची सवय हवी’ हे तत्त्व त्या दोन दिवसांपुरतं बाजूला ठेवा, नंतर भांडी घासू दे.

टेडी, मऊ खेळणी एखादंच ठेवा. धुता न येणारं खेळणं पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवलं की माइट मरतात. मात्र तुमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आइस्क्रीम दगडासारखं राहत नसेल, तर तो कप्पा या कामाचा नाही. बाहेर काढल्यावर खेळणं झटकून घ्या, घराबाहेर.

तळमजला म्हटल्यावर ओलीचं बघायलाच हवं. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक ऑनलाइन मिळतो. तो दिवाणाजवळ ठेवा, दिवसातून दोनदा आकडा बघा. घरात दोरीवर वाळणारं एक मशीन धुणं दोनेक लिटर पाणी हवेत सोडतं. जमलं तर कपडे गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये, नाहीतर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवा. झोपायच्या खोलीत मुळीच नको. भातावर, डाळीवर झाकण, आणि एक्झॉस्ट आधीपासून चालू. दिवाण ओल धरलेल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिंत सोडत असेल तर पावसाळ्यानंतर गळती शोधून दुरुस्त करून घ्या. नुसता रंग मारला तर पुढच्या जुलैत पुन्हा पोपडे येतील. एसी असेल तर पावसाळ्यात रात्री ‘ड्राय’ मोड लावा, जाळी पंधरा दिवसांनी धुवा. डिह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसरवाला, दिवसाला 10-12 लिटर पाणी काढणारा. तो वीज खातो आणि खोलीही तापवतो. टेबलावरचे छोटे सुंदर डबे खोलीला पुरत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारची हवा कोरडी असते, तेव्हा खिडक्या सताड उघडा, गादीही खोळीसकट उन्हात टाका.

डांबर गोळ्या, कडुनिंबाचा पाला, कापूर यांनी गादीतले माइट जात नाहीत. धूप आणि मच्छर कॉइलच्या धुराने त्याचं सुजलेलं नाक आणखी चिडेल.

आता फवारा. चार दिवसांत बंद केलात, पण त्याचा पूर्ण गुण यायलाच एक-दोन आठवडे लागतात, म्हणजे त्याला संधीच मिळाली नाही. नाकात मारायचं फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि रक्तात फारच थोडं उतरतं. पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांशी त्याची तुलना करू नका. मुलांची उंची डॉक्टर सहा महिन्यांनी मोजतात, तशी मोजून घ्या. चूक होते ती मारण्यात. नाक शिंकरायचं, मान जराशी पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डावीला उजवा. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न नेता बाहेर, कानाच्या दिशेने धरायचं. दाबून हलकाच श्वास घ्यायचा. जोरात हुंगलं की औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि मूल दुसऱ्या दिवशी नको म्हणतं. नाकातून रक्त येत असेल तर टोक मधल्या पडद्यावर लागतंय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

फवाऱ्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर औषध नीट पोहोचतं: उकळून कोमट केलेलं पाव लिटर पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे थेंब दुकानातून आणत असाल तर तीन-पाच दिवसांच्या पुढे नको, नाक उलट जास्त बंद होऊ लागतं. रात्रीच्या गोळीचं नाव वाचा. त्यात मॉन्टेल्युकास्ट असेल आणि मुलगा अचानक चिडचिडा, उदास झाला, भयानक स्वप्नांनी उठू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च 2020 मध्ये या औषधावर मनःस्थितीच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ते चिठ्ठीविना महिनोन्महिने चालू असतं.

हे सगळं करूनही पहिले दोन आठवडे फरक जाणवला नाही तर निराश होऊ नका, साठलेला मळ कमी व्हायला दोन-तीन महिने जातात. कॅलेंडरवर रोज सकाळी शिंका ‘कमी, मध्यम, फार’ एवढं लिहून ठेवा. दिवाळीनंतरही त्रास तसाच असेल तर ॲलर्जीतज्ज्ञांना इम्युनोथेरपीबद्दल विचारा, म्हणजे ॲलर्जीचा पदार्थच थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावणं. ती इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब-गोळ्या यांनी होते, निदान तीन वर्षं चालते, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबवून ठेवतात. तीन महिन्यांत मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. रक्तातून दोनशे पदार्थांची ॲलर्जी तपासणाऱ्या पॅनलचीही गरज नाही, तुमच्याकडे टोचून केलेली तपासणी आहे आणि ती लक्षणांशी जुळते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती आज रात्रीच बघा. मुलगा झोपेत खोकतो का, पीटीच्या तासाला छाती घट्ट होते म्हणून बसतो का, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का? यापैकी एकही असेल तर दिवाळीची वाट न बघता या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, तो दमा असू शकतो. त्यांनी पंप दिला तर ‘सवय लागेल’ म्हणून तो कपाटात ठेवू नका, पंपाचं व्यसन लागत नाही. आणि बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाफ देत बसू नका. जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, नाहीतर 108 ला फोन करा.